मापातले पाप, मापातले पुण्य

गेल्या कार्तिकात पीथमपुरातील एका स्नेह्यांच्या घरी जाण्याचा योग आला. कुटुंब मूळचे धारचे. पाच-सहा पिढ्या पवारांच्या राज्यात गेल्या आणि पुढे कारखान्यांतील नोकऱ्यांच्या निमित्ताने धाकटी पाती पीथमपुरास येऊन राहिली. आम्ही गेलो तेव्हा अंगणात जुन्या वर्तमानपत्रावर एक ॲल्युमिनियमचे ताट मांडलेले होते. ताटात महूच्या बाजारातून आणलेले दोन रोहू, शेजारी फूटपट्टी, चिमटा, वही, आणि वडिलांच्या हत्यारपेटीतून मागून घेतलेला व्हर्निअर कॅलिपर. घरची नात इंदूरला प्राणिशास्त्र शिकते. गोड्या पाण्यातील माशांची मोजमापे हा तिच्या अभ्यासाचा विषय, आणि हा सगळा खटाटोप सरावासाठी होता. घर शाकाहारी असल्यामुळे ताटाला स्वयंपाकघरात मज्जाव होता. अंगणापुरती परवानगी मिळाली होती.

मुलगी चिमट्याचे टोक एकेका खवल्यावर टेकवीत हलक्या आवाजात मोजत होती. एकेचाळीसशी थांबली, आकडा लिहिला आणि पुन्हा पहिल्यापासून मोजू लागली. पायरीवर बसलेल्या आजी हे बराच वेळ पाहत होत्या. त्या म्हणाल्या, "अगं, एकदा मोजलेस ना? आणि इतके मोजून त्या बिचाऱ्याचे कळायचे तरी काय?" नात मान वर न करता म्हणाली, "आजी, तो कोण आहे ते कळतं."

आजी पुढे काही बोलल्या नाहीत, पण तो प्रश्न आणि ते उत्तर दोन्ही आमच्याबरोबर घरी आली. मोजल्याने कोण ते खरोखर कळते काय? आणि कळत असेल, तर ज्याला मोजले त्याचे मोजणाऱ्याकडे काही देणे लागते काय? प्रश्न माशांच्या निमित्ताने उभा राहिला, पण तो माशांपुरता नाही. आपल्या भाषेत 'मापात पाप' हा शब्दप्रयोग आहे. तराजूची दांडी झुकविणाऱ्या वाण्याला उद्देशून तो सहसा वापरला जातो. मापातले पाप एवढेच असते काय, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

प्रथम ती मुलगी काय करीत होती ते नीट समजून घेऊ. माशाची लांबी एक नसते. मुस्कटाच्या टोकापासून शेपटीच्या पराच्या शेवटापर्यंतची लांबी निराळी. शेपटीच्या बेचक्यापर्यंतची निराळी. आणि शेपटीचा पर जेथून फुटतो तेथपर्यंतची, अभ्यासक जिला प्रमाण लांबी मानतात, ती निराळी. शेपटीचे टोक झिजते, तुटते, जाळ्यात फाटते. म्हणून जो भाग दगा देत नाही तेथपर्यंत मोजायचे, हा त्यातला विवेक. मग डोक्याची लांबी, अंगाची उंची, डोळ्याचा व्यास. ही झाली मापे. दुसरा प्रकार गणनेचा. माशाच्या कुशीवरून कल्ल्यापासून शेपटीपर्यंत बारीक छिद्रांची एक ओळ जाते. तिला पार्श्वरेषा म्हणतात. पाण्यातील हालचाल मासा या रेषेने ओळखतो. या रेषेवरचे खवले मोजतात, तिच्या वरच्या व खालच्या ओळी मोजतात, परांतील काटे आणि किरण मोजतात. रोहूच्या पार्श्वरेषेवर साधारण चाळीस ते चव्वेचाळीस खवले असतात. नर्मदेतील महाशीर, ज्याला नर्मदाकाठी बाडस म्हणतात, त्याच्या अंगावर मात्र पंचवीसच्या आसपासच खवले. पण एकेक एवढा मोठा, की थोराड माशाचा खवला तळहाताएवढा भरावा.

या दोन प्रकारांत एक लक्षणीय भेद आहे. मासा वाढतो तशी लांबी वाढते, परंतु खवल्यांची संख्या वाढत नाही. बाल्यावस्थेत अंगावर खवले पुरते उमटले, की संख्या ठरली. पुढे प्रत्येक खवला आपल्या जागी मोठा होत राहतो. बोटाएवढ्या पिल्लाचे खवले आणि दहा किलोच्या माशाचे खवले मोजले तर एकाच मर्यादेत येतात. मापाने आज तो केवढा आहे हे कळते. गणनेने तो कोण आहे हे कळण्याची शक्यता निर्माण होते. नातीच्या उत्तराचा अर्थ हा होता.

पीथमपूरच्या माणसाला मोजणे शिकवायला नको. १९८०च्या दशकात येथे कारखाने उभे राहू लागले, तेव्हापासून या गावाची भाकरी मापावर भाजली जाते. सुटा भाग यंत्रावरून उतरला, की गेजमध्ये बसतो की नाही ते पाहतात. न बसल्यास तो नापास. येथे आधी आराखडा, मग वस्तू. आराखड्यापासून वस्तू जेवढी ढळेल तेवढा तिचा दोष. अंगणातल्या त्या ताटात तोच व्हर्निअर कॅलिपर होता, पण न्याय उलटा होता. एका रोहूचे खवले एकेचाळीस आणि दुसऱ्याचे बेचाळीस भरले, म्हणून दोघांपैकी कोणी सदोष ठरत नाही. आराखडा माशांवरून काढलेला असतो, मासे आराखड्यावरून काढलेले नसतात. एखाद्या जातीचे प्रथम वर्णन होते तेव्हा ज्या माशावरून ते केले तो संग्रहालयात जपून ठेवतात आणि नाव त्या देहाशी बांधलेले राहते. तो आदर्श मासा असतो म्हणून नव्हे, तर पुढे शंका आल्यास पुन्हा मोजता यावा म्हणून. कारखान्यातील माप वस्तूला जाब विचारते. येथील माप स्वतःच जाब देण्यास बांधलेले असते. आमच्या मते नैतिक विचाराचा पहिला धागा येथे सापडतो.

दुसरा धागा आपल्या पूर्वजांच्या इतिहासात आहे. आपल्यापैकी कित्येक घराण्यांचे मूळपुरुष अठराव्या शतकात मराठी फौजांच्या मागोमाग कमाविसदार, फडणीस, कारकून म्हणून माळव्यात आले. त्यांच्या हाती तलवारीपेक्षा दौत-लेखणी अधिक होती. जमीन मोजणे, पीक अजमावणे, वसूल ठरविणे हे त्यांचे काम. स्वराज्यात पाच हात पाच मुठींची काठी मोजणीसाठी ठरविली होती हे आपण अभिमानाने सांगतो, आणि ते योग्यच आहे. काठी सर्वत्र एक असणे हा रयतेवरचा उपकार होता. तथापि काठी कोणाच्या हाती आहे आणि मोजणी कोणासाठी चालली आहे, हा प्रश्न काठीची लांबी नेमकी असल्याने मिटत नाही. बिनचूक मापसुद्धा परक्याच्या पेटीसाठी घेतलेले असू शकते.

पेशवाई बुडाल्यानंतर तीच काठी इंग्रजांच्या हाती गेली. १८२४ साली मुंबई सरकारने विल्यम हेन्री साइक्स या लष्करी अधिकाऱ्यास दख्खनची सांख्यिकी माहिती गोळा करण्याच्या कामावर नेमले. लोकसंख्या, पिके, हवामान मोजता मोजता हा गृहस्थ पक्षी आणि मासेही मोजू लागला. दख्खनच्या माशांवरील त्याचे वर्णन १८३९ साली प्रसिद्ध झाले. त्यातील नावे आपण मराठी माणसांनी एकदा तरी मोठ्याने वाचावीत. भीमेच्या खोऱ्यातील नद्यांवर त्याने मासे पाहिले, काठच्या लोकांना नावे विचारली आणि तीच रोमन लिपीत उतरवून लॅटिन नावांत बसविली: खुद्री, कोलूस, बोगट, मुल्या, फुलुंगी, इचकिया. पुण्याजवळच्या मुळा-मुठेतील खुद्री आज जगभरच्या ग्रंथांत 'टोर खुद्री' म्हणून ओळखला जातो. शहरी मराठीला यातले किती शब्द आज परिचित आहेत? जी भाषा आपण विसरलो ती एका परक्या मोजणाऱ्याच्या वहीत टिकली, हे मापातले पुण्यच म्हणावे लागेल.

त्याच यादीत आणखी एक गोष्ट दिसते. साइक्सने काही माशांना लंडनच्या विद्वानांची नावे दिली: यॅरेल, ओगिल्बी, विगर्स, ओवेन. ज्यांच्या जाळ्यांतून हे मासे आले आणि ज्यांच्या तोंडून त्यांची नावे आली, त्या काठच्या माणसांपैकी कोणाचे नाव माशाला लाभले नाही. ज्ञानाच्या खात्यात मोजणारा जमा झाला, सांगणारा झाला नाही. हे पाप मोठे नसेल, पण जुने आहे, आणि अजून चालू आहे.

साइक्सच्या यादीतील आणखी एका नावाची कथा येथे सांगितली पाहिजे, कारण आमचा मुख्य मुद्दा तिच्यात आहे. त्याने एका मोठ्या माशाला 'मुसल्ला' असे नाव नोंदविले. पुढे शंभर वर्षांनी, १९४३ साली, भारतीय मत्स्यशास्त्रातील थोर अभ्यासक सुंदरलाल होरा यांनी हे नाव पाठीला उंचवटा असलेल्या दक्षिणेतील महाशिराला लावले. कावेरीतील हा उंच पाठीचा, नारिंगी परांचा महाशीर शिकारी जगात प्रसिद्ध होता. १९४६ साली म्हैसूरच्या व्हॅन इंगेन घराण्यातील एकाने काबिनी नदीत गळाने असा एक मासा धरला. त्याचे वजन १२० पौंड, म्हणजे चोपन्न किलोहून अधिक भरले. दूरदूरचे हौशी लोक कावेरीवर येऊ लागले. मासा धरावा, तोलावा, छायाचित्र काढावे, वहीत वजन नोंदवावे, असा क्रम अनेक दशके चालला.

इकडे आपल्या लोणावळ्यात टाटांच्या वीज प्रकल्पाच्या वळवण येथील मत्स्यबीज केंद्रात १९७०च्या दशकापासून महाशिराची कृत्रिम पैदास सुरू झाली. धरणांमुळे हा मासा कमी होत चालला होता, आणि तो वाचवावा हा हेतू निखळ चांगला होता. तेथे वाढविलेली निळसर परांच्या खुद्रीची पिल्ले देशातील अनेक पाण्यांत गेली. कावेरीतही सोडली गेली. महाशिराच्या नदीत महाशीर सोडला, यात वावगे ते काय, असेच कोणालाही वाटले असते. ती पिल्ले कावेरीत फोफावली आणि मूळचा उंच पाठीचा मासा दिसेनासा होत गेला. तो वेगळा आहे हे पाहणाऱ्यांच्या लक्षात येत होते, परंतु तो कोण हे शास्त्राच्या भाषेत कोणी सांगू शकत नव्हते. २०१३ साली अभ्यासकांनी दाखवून दिले, की साइक्सचा मुसल्ला मुळात महाशीरच नव्हे. तो निराळ्याच कुळीचा मासा आहे. म्हणजे सत्तर वर्षे कावेरीच्या त्या माशाला आपल्या दख्खनच्या दुसऱ्याच माशाचे नाव चिकटलेले होते, आणि ते नाव काढून घेताच तो निनावी उरला.

त्याचे खरे नाव कोठे सापडले? कावेरीच्या पांबार या उपनदीतील लहान वयाच्या काही माशांवरून केरळातील दोघा अभ्यासकांनी 'टोर रेमादेवी' या जातीचे वर्णन केले होते. ते २०११मध्ये प्रकाशात आले. त्या लहान माशांची मापे घेतलेली होती, खवले मोजलेले होते, देह जपून ठेवलेले होते. २०१८ साली बाह्य लक्षणे आणि जनुके दोन्ही ताडून पाहता कावेरीचा प्रसिद्ध महाकाय मासा आणि पांबारची ही लहान मंडळी एकच ठरली. त्याच वर्षी या जातीची नोंद अतिशय संकटग्रस्त म्हणून झाली. नाव आणि धोक्याची सूचना दोन्ही एकदमच मिळाली.

या कथेतून आम्हांस एवढेच म्हणावयाचे आहे. त्या माशाला कोणी मोजले नाही असे झाले नाही. त्याला फार जणांनी मोजले. पण जे माप धरणाऱ्याचा मान वाढविते, म्हणजे वजन, तेवढेच घेतले गेले. ज्या मापाने माशाची स्वतःची ओळख झाली असती, ते घेण्याची कोणाला निकड वाटली नाही. तराजू खोटा नव्हता. १२० पौंड हे १२० पौंडच होते. तरीही त्या मापात पाप होते असे आम्ही म्हणू, कारण ते माशाविषयी नव्हतेच, ते माणसाविषयी होते. आपण कशाचे माप घेतो यावरून आपल्याला कशाची किंमत आहे हे उघड होते, आणि ज्याचे माप घेत नाही ते डोळ्यांदेखत नाहीसे होते. होरांसारख्या थोर पुरुषाची चूक त्या मानाने क्षम्य आहे. ती चूक वर्णनासह लिहून ठेवलेली होती, म्हणून पुढच्यांना ती दुरुस्त करता आली.

येथे कोणी विचारील, की मग मापानेच सगळे कळते असे तुमचे म्हणणे आहे काय? तसे नाही. खवल्यांची संख्या जन्मभर बदलत नाही हे वर सांगितले. पण ती संख्या ठरते कशी? वंशाने ठरते हे खरे, परंतु केवळ वंशाने नव्हे. अंडे फुटण्याच्या आणि पिल्लू घडण्याच्या दिवसांत पाणी किती थंड किंवा उबदार होते याचाही परिणाम मणक्यांच्या, किरणांच्या, खवल्यांच्या संख्येवर होतो असे प्रयोगांनी दिसून आले आहे. एकाच मातापित्यांची पिल्ले दोन पाण्यांत वाढविली तर गणना थोडी इकडेतिकडे होऊ शकते. ज्याला आपण कुळाची खूण समजतो तिच्यात बालपणीच्या पाण्याचीही खूण मिसळलेली असते. माळव्यात पिढ्यान्पिढ्या राहून जिच्या मराठीत हिंदीची चव उतरली आहे त्या आपल्या मंडळींना हे अधिक समजावून सांगण्याची गरज नाही. पुण्याच्या नातलगांनी आपली मराठी मोजून तिला उणे ठरवावे, आणि इंदूरच्या शेजाऱ्यांनी आपली हिंदी मोजून तिलाही उणे ठरवावे, हा अनुभव आपल्यापैकी कोणास नाही? कारखान्यातील गेज माणसाला लावले म्हणजे असे होते.

खवल्याविषयी आणखी एक गोष्ट. खवल्यावर झाडाच्या खोडासारखी वर्तुळे असतात. १८९८ साली जर्मनीत होफबाउर याने कार्प माशाच्या खवल्यांवरील अशा वर्तुळांवरून वय सांगता येते हे दाखविले. आपल्या उष्ण प्रदेशात ती वर्तुळे थंड देशांइतकी स्पष्ट नसतात, तरी अभ्यासक त्यांचा उपयोग करतात. परंतु लढाईत किंवा जाळ्यात एखादा खवला गळून पडला, तर त्या जागी नवा उगवतो. तो झपाट्याने जुन्याएवढा होतो, मात्र त्याचा मध्यभाग कोरा राहतो; आरंभीच्या वर्षांची वर्तुळे त्याच्यावर नसतात. अशा खवल्यावरून वय काढले तर ते कमी भरेल. म्हणून जाणता अभ्यासक एका खवल्यावर भरवसा ठेवीत नाही. चार ठिकाणचे पाहतो आणि कोरा मध्य दिसला की तो बाजूस ठेवतो. जखम भरून आलेल्या जागेवरून कोणाचे आयुष्य वाचू नये, हा नियम माणसांच्या बाबतीतही पाळला गेला असता तर किती बरे झाले असते!

मग उलट बाजूने प्रश्न येतो, आणि आजींच्या बोलण्यात तोच होता. मोजायचेच कशाला? जीवाला जीव म्हणून पाहावे, त्याच्यावर दया करावी, एवढे पुरेसे नाही काय? या प्रश्नाला आपल्या परंपरेत मोठे बळ आहे. शतपथब्राह्मणात मनूची कथा आहे. हात धुण्याच्या पाण्यात त्याला इवलासा मासा सापडतो. तो म्हणतो, मला सांभाळ, मी तुला तारीन. मनू त्याला घड्यात ठेवतो. घडा अपुरा पडतो. खड्ड्यात ठेवतो, तोही अपुरा पडतो. शेवटी समुद्रात सोडतो. प्रत्येक भांडे हे त्या माशाचे एकेक मापच होते, आणि प्रत्येक माप लहान ठरले. या कथेतून मोजणे व्यर्थ असा अर्थ निघू शकतो. आम्हांस मात्र ती निराळी दिसते. मनूने मासा घड्यात ठेवून तो विसरून गेला असता तर मासा मेला असता. घडा अपुरा पडला हे त्याच्या ध्यानात आले, कारण तो पाहत होता. माप लहान ठरताच त्याने मासा कापून मापात बसविला नाही, भांडे बदलले. दयेला डोळे असावे लागतात. कावेरीत खुद्रीची पिल्ले सोडणाऱ्यांच्या ठायी दया कमी नव्हती. ज्या पाण्यात ती सोडली त्या पाण्यात आधी कोण राहतो हे मोजलेले नव्हते.

प्राण घेण्याचा प्रश्न राहतोच. खवले मोजण्यासाठी मासा मारावाच लागतो असे नाही. ओल्या हातांनी धरून, चटकन मोजून, छायाचित्र घेऊन तो सोडता येतो. तथापि नव्या जातीचे वर्णन करावयाचे तर बहुधा देह जपून ठेवावा लागतो. अशा वेळी एकच प्रायश्चित्त आम्हांस दिसते: ज्याचा प्राण मापासाठी घेतला, त्याचे माप आळसाने घेऊ नये आणि घेतलेले लपवू नये. जपणुकीच्या द्रवात देह थोडा आखडतो, म्हणून ताजे माप आणि साठविलेल्याचे माप वेगळे लिहावे, एवढी बारीक प्रामाणिकताही त्यात येते. ती मुलगी एकेचाळीसपर्यंत येऊन पुन्हा पहिल्यापासून मोजत होती ते आम्हांस म्हणूनच आवडले. बाजारात आधीच मेलेल्या माशालाही तिने एका मोजणीत निकालात काढले नाही.

आता आपल्या पाण्याकडे वळू. महूजवळ जानापावच्या डोंगरावर पडलेल्या पावसाचे दोन भाग होतात. उत्तरेकडचे पाणी चंबळेतून यमुनेस व पुढे गंगेस मिळते. दक्षिणेकडचे चोरल नदीतून नर्मदेत जाते. पीथमपूर या पाणलोटाच्या अगदी उशाशी वसलेले आहे. धार जिल्ह्याची दक्षिण सीमा नर्मदा आहे, आणि नर्मदेचा बाडस २०११ साली मध्य प्रदेशचा राज्यमासा ठरला. शास्त्रात तो 'टोर टोर'. त्याच्या डोक्याची लांबी अंगाच्या उंचीपेक्षा कमी असते. हिमालयाच्या पायथ्याच्या त्याच्या भाऊबंदाची जास्त असते. आपल्या खुद्रीची जवळजवळ बरोबरीची. दोन मापे शेजारी ठेवली की तिघे वेगळे ओळखू येतात.

बाडसाला वाहते, स्वच्छ, गोट्यांच्या तळाचे पाणी लागते. नर्मदेवर धरणे झाली, वाहत्या नदीचे लांबच लांब जलाशय झाले, आणि जलाशयांची मोजणी टनांत होऊ लागली: यंदा मत्स्योत्पादन किती. कटला आणि रोहू सोडले की हा आकडा चढतो. चढत्या आकड्याच्या आड बाडस कमी होत गेला. टनाच्या मापाला एक टन रोहू आणि एक टन बाडस सारखेच. येथेही आकडा खोटा नाही. पण कावेरीच्या तराजूप्रमाणे तो भलत्याच प्रश्नाचे खरे उत्तर देतो. दरवर्षी १६ जून ते १५ ऑगस्ट या काळात राज्यात मासेमारी बंद असते, कारण ते विणीचे दिवस. हा नियम करणाऱ्याने निदान माशाच्या पंचांगाने दिवस मोजले, ही त्यातली समाधानाची गोष्ट.

आणि पीथमपूर? १९८४च्या भोपाळ दुर्घटनेनंतर तेथे पडून राहिलेला ३३७ टन कचरा जानेवारी २०२५मध्ये येथे आणला गेला, त्या वेळचे दिवस येथील कुटुंबे विसरलेली नाहीत. लोक रस्त्यावर आले. आधी चाचणी म्हणून थोडा कचरा जाळला गेला, धूर मोजला गेला, आकडे मर्यादेत असल्याचे सांगण्यात आले, आणि जून २०२५अखेर सर्व कचरा जाळून झाला. आकडे चुकीचे होते असे म्हणण्यास आमच्याजवळ आधार नाही, आणि तसा आरोप आम्ही करणार नाही. पण लोकांचे समाधान झाले नाही हेही खरे. विचार करता असे वाटते, की मापावरचा विश्वास केवळ अचूकतेने येत नाही. मोजणारा उद्याही येथेच राहणार आहे काय, तो पुन्हा मोजील काय, आणि नको असलेला आकडा आला तर तोही वाचून दाखवील काय, या तीन प्रश्नांच्या उत्तरांनी तो येतो.

या दृष्टीने पाहता मासा हा एक चांगला साक्षीदार आहे. त्याचे वजन आणि त्याच्या लांबीचा घन यांचे गुणोत्तर काढतात. त्यावरून तो आपल्या लांबीच्या मानाने भरलेला आहे की खंगलेला हे कळते. ऋतूनुसार, अंडी असता-नसता हे गुणोत्तर बदलते, म्हणून एका दिवसाच्या एका मापाला अर्थ नाही. परंतु एकाच ओढ्यातील, एकाच जातीचे मासे दरवर्षी त्याच महिन्यात मोजले, तर दहा वर्षांनी तो ओढा स्वतःविषयी काही सांगू लागेल. मासा पाण्यातच जन्मतो, त्यातच मरतो. पाण्याविषयी तो शिफारस करीत नाही आणि तक्रारही करीत नाही. त्याच्या बाजूने कोणीतरी वही ठेवावी लागते.

निघताना आम्ही त्या मुलीला विचारले, हे मासे तर बाजारचे, कुठल्या तलावात वाढविलेले. यांच्यावरून पुढे काय? ती म्हणाली, "हा हात बसावा म्हणून सराव, काका. खरं काम पुढच्या महिन्यात, जानापावच्या खालच्या ओढ्यांवर. तिथे एक केवट काका आहेत, त्यांना सगळ्यांची नावं येतात." आम्ही म्हटले, त्यांचे नाव वहीत लिहिशील ना? तिने वही उघडून पहिले पान दाखविले. तारीख, ओढ्याचे नाव, पाण्याचे तापमान असे रकाने आखलेले होते, आणि पाचवा रकाना होता: नाव कोणी सांगितले. तो त्या महाविद्यालयाच्या नमुन्यात नव्हता. तिने स्वतः आखला होता.

आजींनी तोवर मोडा वर्तमानपत्रात गुंडाळून ताट घासायला बाजूला काढले होते. रोहूंचे काय करायचे असे विचारता त्या म्हणाल्या, शेजारच्या घरी खातात, त्यांना दिले. वाया कशाला घालवायचे. मग थोडे थांबून त्यांनी नातीला विचारले, "काय गं, दुसऱ्यांदा किती भरले?"

"एकेचाळीसच."

"मग लिही बाई," आजी म्हणाल्या, "दोनदा मोजले असेही लिही."